माणिक, तुझ्या चोवीस बॅटी

माणिक,

आधी भांडण संपवतो, रडायचं नंतर बघू. तेराव्याला बोरीत तुझ्या दारात पंगत बसली तेव्हा सगळे तुझ्याविषयी चांगलंच बोलत होते. मी एकटा गप्प होतो. लोकांना वाटलं, आप्पाला दुःख झालंय. दुःख होतंच. पण त्याच्या वर राग बसला होता, तुझ्यावरचा. तो अजून उतरलेला नाही आणि तू असा मध्येच उठून गेलास म्हणून मी तो सोडून देणार नाही.

तेरा वर्षं परभणीतल्या माझ्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तू बॅटी घडवल्यास आणि पुढे गल्ल्यावर बसून मी त्या विकल्या. तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला स्वच्छ आठवतो. काखेत पोत्यात गुंडाळलेली एक बॅट. बाप बोरीत बैलगाड्या करतो आणि पोरगा गावच्या टीमसाठी बॅटी करतो, एवढीच ओळख सांगितलीस. मी बॅट हातात घेतली, उलटीपालटी केली, तू मागितलेल्या भावाच्या अर्ध्यावर आणली. माझी सवयच ती. शाळेच्या फाटकाबाहेर टोपलीत रबरी चेंडू आणि बुटांच्या लेस विकून मी वर आलो, मला भाव पाडल्याशिवाय वस्तू दिसतच नाही. तू हुज्जत घातली नाहीस. बॅट परत पोत्यात गुंडाळलीस आणि निघालास. मी रागानं लाल झालो, आणि दहा मिनिटांनी चप्पल घालून एसटी स्टँडवर तुझ्या मागं आलो.

"कामून आलाव आप्पा?" तू बाकावरून न उठता विचारलंस.

"भाव करायला."

"तुमी लाकडाचा भाव करायलाव. मी बॅट आणलीय."

त्या दिवशी मी हरलो. त्यानंतर तेरा वर्षं तुझ्याशी भांडताना ती हार भरून काढत होतो, हे तुलाही माहीत होतं.

आपलं गिऱ्हाईक कोण होतं? मोंढ्यातले अडते, कंपाउंडर, शाळामास्तर, शिंपी, एसटीचे कंडक्टर. आठवडाभर कामाला जुंपलेली आणि रविवारी सकाळी पँट वर दुमडून मैदानात उतरणारी माणसं. त्यांना उत्तरेकडून येणारी सपाट पाठीची बॅट दिली की त्यांचे हात झिणझिणायचे. त्या बॅटीत चेंडू नीट बसायची जागा तीन बोटं रुंद. तिथं लागला तर गोळी, एक बोट इकडं तिकडं झालं की बॅट मुठीत फिरते आणि चेंडू गोलंदाजाच्या हातात. रोज सराव करणाऱ्यानं ती घ्यावी. आपल्या कंपाउंडरला ती बॅट म्हणजे आठवड्यातून एकदाची फजिती.

म्हणून तू दोन जाती काढल्यास. एक पन्हाळी. पूर्ण लांबीचं पातं, पण पाठीच्या मधलं लाकूड पन्हळासारखं खोदून काढलेलं आणि दोन्ही कडांना जाड ठेवलेलं. चेंडू कडेला लागला तरी ती हातात फिरत नाही. दुसरी मोगरी. चार बोटं आखूड पातं, लांब दांडा आणि लाकडाचं सगळं पोट खाली. वाकून, आडवा हात मारणाऱ्या माणसाला खालचा चेंडू उचलून देणारी. नावं आपण ठेवली नाहीत, गिऱ्हाइकांनीच ठेवली. धुणं बडवायची मोगरी खेळायला देता का म्हणून शिंप्यानं आधी टर उडवली आणि मग तीच घेऊन गेला.

मी पन्हाळीचा. तू कुणाचाच नव्हतास आणि माझा खरा संताप त्याचाच.

मी म्हणायचो, एक नमुना धर, एक माप धर, शंभर बॅटी सारख्या काढ, मी जिल्हाभर विकून दाखवतो. पन्हाळी काय वाईट आहे? दिसायला ऐटदार, हाताला हलकी, चुकलं तरी सांभाळून घेते. मोगरीवर उसळलेला चेंडू आला की आखूड पात्याच्या वरून थेट बोटांवर. तू रंधा थांबवायचास, भुसा फुंकायचास आणि म्हणायचास, "आन् पन्हाळीच्या टोकाला चेंडू लागला की? मेल्यावानी पडतो. तिथं तुमी काय करनार?"

"टोकाला कोण मारतं?"

"बगायला लागल."

तुझं बघणं म्हणजे निळीचं. कपड्याच्या निळीच्या पाण्यात टेनिसचा चेंडू बुडवायचा आणि शेडमागच्या मोकळ्या जागेत गिऱ्हाइकाला दहा चेंडू टाकायचे. मग बॅट आडवी धरून निळे डाग कुठे उमटले ते बघायचं. माणसाला वाटतं आपण मध्ये मारतो. कंपाउंडरला तर खात्रीच होती. तू त्याच्यासमोर बॅट धरलीस, सगळी निळाई कडेला.

"सायेब, तुमी म्हन्ता मधी लागतो. नीळ म्हन्ती कडंला. मी निळीचं ऐकनार."

त्याचा पांढरा शर्ट निळा झाला, बायकोनं त्याला घरात घेतलं नाही म्हणे, पण बॅट त्यानं तुझ्याकडूनच नेली.

विद्यापीठाच्या नावावरून गाव बंद होतं त्या दिवसांतली गोष्ट. शटर अर्धं खाली, रस्त्यावर कुणी नाही, तू बोरीला जाऊ शकत नव्हतास म्हणून तीन दिवस शेडमध्येच मुक्काम. माझ्या घरची भाकरी आणि ठेचा खाऊन आपण दोघं तीन दिवस फक्त याच विषयावर भांडलो. मी म्हणालो, लोकांना चूक माफ करणारी बॅट पाहिजे, नाव तेच द्यायचं आणि तेच विकायचं. तू हसलास.

"माफ करनारे आपन कोन, आप्पा? मानूस कुठं चुकतो ते बगायचं आन् तिथं लाकूड ठिवायचं. बस."

मला तेव्हा ते सुताराचं बोलणं वाटलं. आता कानातून जात नाही.

आता भांडणाच्या मुद्द्यावर येतो. गंगाखेडच्या बाजूच्या एका साखर कारखान्याच्या क्रीडा मंडळाची मोठी मागणी आली. आठ खाती, खात्याला तीन अशा चोवीस बॅटी. गळीत हंगाम संपला की खात्याखात्यांच्या मॅची. सेक्रेटरी आणि त्यांचे चार लोक स्वतः दुकानात आले. मी चहा पाजला, तुला बाहेर बोलावलं, त्यांना निळीचे चेंडू टाकायला लावले. पाचही जणांचे डाग पात्याच्या निम्म्या उंचीवर, पण कडेला. मी तिथल्या तिथं सौदा केला, चोवीसच्या चोवीस पन्हाळी. तू काहीतरी बोलायला लागलास. "आप्पा, पण खेळनारे..." मी तुला डोळ्यांनी गप्प केलं. सौदा होत असताना मागचा माणूस बोलला की भाव पडतो, हे मी तुला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

माघात तू बांधून ठेवलेली पोती न उघडताच मी माल घेऊन गेलो. सेक्रेटरीनं पाच माणसांसमोर पोतं सोडलं आणि बॅट बाहेर काढली. मोगरी. दुसरी, मोगरी. चोवीसच्या चोवीस.

"आप्पा, ठरलं काय आन् आणलं काय?"

माल परत आणला, पोती शेडमध्ये आपटली आणि तुला तोंडाला येईल ते बोललो. ते इथं लिहीत नाही. एवढं लिहितो, की तू पिशवीत हात घालून म्हणालास, "आप्पा, कागद बगा की एकदा." आणि मी ओरडलो, "कागद मला दाखवतोस? सहीचा कागद माझ्या खिशात आहे!" तू हात पिशवीतून रिकामा बाहेर काढलास. वाकस, पटाशी, रंधा गोळा केलास आणि बोरीला गेलास.

माझी तक्रार आजही हीच आहे, माणिक. लाकूड चिरायच्या आधी का सांगितलं नाहीस? ओरडलो असतो. दोन दिवस ओरडलो असतो. तेरा वर्षांत माझं ओरडणं तुला नवीन होतं का? मला अंधारात ठेवून तू माझ्या शब्दावर रंधा फिरवलास. हे दुरुस्त नाही. मेलास तरी नाही.

पण त्यापुढं मी जे केलं ते तुझ्या चुकीपेक्षा मोठं आहे, ते तुला माहीत नव्हतं असं मला वाटायचं. बोरीच्या बाजारात तुझे आबा भेटले. पंच्याहत्तरीचा म्हातारा, डोक्याला पटका, हातात काठी. त्यांनी सरळ विचारलं, पोरगं घरी कामून बसलंय? आणि मी माणसांनी भरलेल्या बाजारात सांगितलं, तुमच्या पोरानं काम बिघडवलं, चोवीस नग परत आले. म्हातारा म्हणाला, "आमच्या घरचा माल कदी परत आला न्हाई." आणि काठी टेकत निघून गेला. सुमननं, तुझ्या बायकोनं, मला तेराव्याला सांगितलं की त्या दिवसापासून आबा तुझ्याशी कामाचं एक अक्षर बोलले नाहीत. चार महिने तू त्यांच्या शेजारी बसून नांगराचे दांडे घासत होतास आणि ते तुझ्या हाताकडं बघत नव्हते.

तुला कावीळ झाल्याचं कळलं तेव्हा मी म्हणालो, कावीळ काय, उतरेल, रविवारी जाऊन येऊ. रविवारी आमची मॅच होती. मॅच झाली, मी अकरा धावा केल्या. पुढच्या रविवारी तू नव्हतास.

तो कागद सुमननं तेराव्यालाच दिला. पिशवीत तसाच होता. वर्तमानपत्राचं अख्खं पान, त्याच्यावर पेन्सिलनं पात्यांचे आकार, आकारात निळे ठिपके आणि प्रत्येकाखाली तुझ्या जाड अक्षरात नाव. पांडुरंग फिटर. हमीद, बॉयलर. असे चोवीस. तू एसटीनं स्वतः कारखान्यावर गेला होतास. साहेबांकडे नाही, खेळणाऱ्यांकडे. आणि ठिपके सगळे खाली, टोकाशी. दिवसभर वाकून ऊस गव्हाणीत ढकलणारी, पान्यानं नट आवळणारी माणसं. सरळ बॅटीनं खेळायला त्यांना कोण शिकवणार? ती वाकून, आडवी, खालून मारतात.

मी तो कागद घरी आणला आणि शेडमागं जाऊन गल्लीतल्या एका पोराकडून निळीचे दहा चेंडू टाकून घेतले. तेरा वर्षांत मी तुला माझे डाग कधी बघू दिले नव्हते. दहाच्या दहा कडेला. मी जन्मभर पन्हाळीची बाजू घेतली ती माझीच चूक सांभाळून घ्यायला. आणि सेक्रेटरीची, कारण तो माझ्यासारखाच, खुर्चीतला.

मग मी ठरवलं. माल परत आला, हे वाक्य मी तुझ्या बापाच्या कानात घातलं होतं, ते मीच बाहेर काढणार. नुसत्या बोलण्यानं ते निघणार नव्हतं. म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, मालावर ठेवला. म्हणजे माल गेला पाहिजे.

चोवीस मोगऱ्या, घरातली एक पन्हाळी, बादली, निळीची पुडी आणि तुझा कागद घेऊन मी कारखान्यावर गेलो. पाळी सुटायच्या वेळेला वसाहतीमागच्या मैदानात उभा राहिलो. मळीचा वास, डोक्यावर ऊन, कपाळाची विभूती घामानं उतरलेली. माणसं गोळा झाली.

"काय आप्पा, मोगरी बी हाय, नीळ बी हाय. धुनं धुवायला आलाव का?" हा पांडुरंग फिटर. ताडमाड, दातात काडी.

"तुझंच धुतो. धर बॅट."

सेक्रेटरी आला. "आप्पा, सुतार गेला बिचारा. आता कशाला जुनं उकरायलाव?"

"गेला म्हणूनच."

मी चेंडू टाकले, माणिक. तुझ्याइतके नीट नाही पडले. प्रत्येकाला दोन्ही बॅटी दिल्या, दोन्हीवरचे डाग सेक्रेटरीला दाखवले. पांडुरंगानं पन्हाळीनं मारलेला चेंडू त्याच्याच पायाशी मेला आणि मोगरीनं मारलेला वसाहतीच्या पत्र्यावर गेला. आतून एक बाई शिव्या देत बाहेर आली. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सुतारानं चूक केली नव्हती. त्यानं खेळणाऱ्याला बघितलं. मी खुर्चीला बघितलं." माझा आवाज चढलेलाच होता, चूक कबूल करताना सुद्धा. तुला हसू आलं असतं.

सेक्रेटरी हुशार. म्हणाला, "बरं, घेऊ. पण चार म्हयने पडून ऱ्हायलेला माल, भाव पाडा जरा." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणखी थोडं पाडलं असतं.

"एक पैसा नाही."

"मग न्या परत."

मी पोत्याचं तोंड धरलं आणि बॅटी गोळा करायला लागलो. पांडुरंगानं आपली दिली नाही. पाठीमागं धरली. "सायेब, ही माझ्या नावानं केलेली हाय, ते बगा कागदावर. मी देत न्हाई." हमीदनंही दिली नाही. मग कुणीच देईना. सेक्रेटरीनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि पूर्ण भाव कबूल केला.

आता तुझ्याशी भांडण. चोवीसपैकी सहा जणांचे डाग त्या दिवशी वर, कडेला आले. हे लोक सरळ खेळतात, एक तर तालुक्याला खेळून आलाय. तू त्यांना कधी बघितलंस, घाईत बघितलंस की बाकीच्यांचे डाग बघून गृहीत धरलंस? त्यांच्या उंच चेंडूला मोगरी म्हणजे बोटं मोडायचं साधन. त्यांना पन्हाळीच पाहिजे. मी म्हणत होतो ती. म्हणजे मी अठरा जागी चुकलो आणि तू सहा जागी. कबूल कर. त्या सहा बॅटी मीच परत घेतल्या, सेक्रेटरी राहू द्या म्हणत असताना.

त्या घेऊन मी बोरीला गेलो. आबा अंगणात चाकाचा आरा तासत होते. मी उभ्यानंच सांगितलं, "अठरा गेल्या. पूर्ण भावात. बाजारात बोललो ते खोटं होतं. काम बिघडलं नव्हतं, मी ऐकलं नव्हतं." हे वाक्य मी एसटीत चार वेळा म्हणून बघितलं होतं, तरी मध्येच अडलो.

आबांनी वाकस खाली ठेवला नाही. "आन् सहा?"

"त्या सहा जणांच्या हाताला बसत नाहीत. दुसऱ्या जातीच्या पाहिजेत. मोडून त्याच लाकडाचं काही निघतं का बघा."

त्यांनी एक मोगरी घेतली. डोळ्यापाशी धरून पात्याची धार बघितली, दांड्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. तुझं काम ते पहिल्यांदा बघत होते असं मला वाटलं. बॅटींना ते खेळणी म्हणायचे ना? बराच वेळ अंगठा तिथंच होता.

"माझ्या पोराचं काम मी मोडत न्हाई," ते म्हणाले. "ह्या सहा हितंच ऱ्हातील. तुमाला सहा नव्या करून देतो. मानसं घिऊन या."

"कशाला? मी मापं सांगतो. पाठ खोदायची, कडा..."

"मानसं घिऊन या."

"गंगाखेडहून बोरीला? सहा माणसं? रोज बुडवून?"

"मग दुसरा सुतार बगा."

मी चिडलो. तुझ्या अंगणात, तेरावं होऊन आठवडा झाला नव्हता आणि मी तुझ्या बापावर ओरडत होतो. वाडीतली माणसं जमली. सुमन चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही, मी विचारलं नाही. आबा आऱ्यावर वाकले होते, माझ्याकडं बघतही नव्हते. ओरडून ओरडून मी दमलो आणि पाणी मागितलं. पाणी त्यांनीच दिलं.

येत्या रविवारचा टेंपो मी ठरवला आहे. सहाजण तयार आहेत, एकानं विचारलं, म्हातारा तापट आहे का? मी म्हणालो, आहे, पण तुम्ही घाबरू नका, तुम्ही फक्त खेळा. आबांना चेंडू टाकवणार नाहीत, खांदा उचलत नाही त्यांचा. टाकायला मी आहे. त्यांचं बघून होईपर्यंत टाकत राहीन, आणि तेवढा वेळ तोंड बंद ठेवीन.